डोळ्याचा डॉक्टर कसा घडत गेला?

आमच्या लहानपणी गल्लीतल्या दर दोन-तीन घरांआड एखादी आजी किंवा एखादे आजोबा बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा चष्मा लावून ओसरीवर बसलेले दिसत. त्या काचांमागे त्यांचे डोळे भलतेच मोठे दिसायचे. 'मोतीबिंदू काढलाय' एवढे कारण घरातली माणसे सांगत. काढला म्हणजे नेमके काय काढले हे कोणी सांगत नसे, आणि आम्हीही विचारत नसू. डोळ्यावर कसलासा मोती धरतो आणि डॉक्टर तो अलगद उचलून घेतात, अशी आमची समजूत होती.

आपल्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. आठवी-नववीतली मुलेसुद्धा बहुधा 'डोळ्यावर आलेला पडदा काढतात' असेच सांगतील. मुलांना हसू नये. जगातल्या बहुतेक वैद्यांची १७०५ सालापर्यंत जवळजवळ अशीच समजूत होती. आणि तरीही ते मोतीबिंदूवर शस्त्रक्रिया करत होते, दोन हजार वर्षांपासून! आपण काय हलवतो आहोत हे ठाऊक नसताना हात ते काम शिकला कसा, एका हाताने दुसऱ्या हाताला शिकवले कसे, आणि या शिकण्यात कोणाचे डोळे गेले, हा इतिहास आम्हाला फार विचार करायला लावणारा वाटतो.

आधी मोतीबिंदू म्हणजे काय ते पाहू. ज्यांच्या घरी मासे शिजतात त्यांना याचे प्रात्यक्षिक ताटातच मिळते. शिजलेल्या माशाच्या डोळ्यात एक कडक पांढरी गोळी असते. ताज्या माशाचा डोळा उघडला तर हीच गोळी काचेसारखी स्वच्छ निघते आणि छापील कागदावर ठेवली तर अक्षरे मोठी दिसतात. ते माशाच्या डोळ्याचे भिंग. ते प्रथिनांनी ठासून भरलेले असते. उष्णतेने अंड्याचा पांढरा बलक जसा गोठून अपारदर्शक होतो, तसेच या भिंगाचे होते. माणसाच्या डोळ्यातल्या भिंगाला अर्थातच कोणी उकळत नाही. पण वयानुसार त्यातल्या प्रथिनांची रचना बिघडते, ती एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि भिंग गढूळ होत जाते. हाच मोतीबिंदू. तो डोळ्यावर येत नाही, बाहेरून येत नाही. बाहुलीच्या मागे जन्मापासून असलेले भिंगच गढूळ होते.

भोपळ्यावरचा सराव

सुश्रुतसंहितेचा काळ नेमका सांगणे कठीण आहे. ती काही शतकांत वाढत गेली, आणि डोळ्यांची प्रकरणे ज्यात आहेत तो 'उत्तरतंत्र' हा भाग बहुतेक अभ्यासकांच्या मते मूळ ग्रंथाला नंतर जोडलेला आहे. त्यात डोळ्याचे ७६ रोग मोजले आहेत. त्यांतल्या 'लिंगनाश' या दृष्टी जाण्याच्या रोगाचा कफाने होणारा जो प्रकार सांगितला आहे, त्यावरची शस्त्रक्रिया म्हणजे आजचा मोतीबिंदूच, असे मानतात.

वर्णन इतके बारकाईचे आहे की लिहिणाऱ्याने ते काम स्वतः केले असले पाहिजे किंवा अगदी जवळून पाहिले असले पाहिजे. रोग्याला बसवून स्वतःच्या नाकाकडे पाहायला सांगायचे. पापण्या नीट उघडून धरायच्या. जवाच्या टोकासारख्या अग्राची सळई डोळ्याच्या पांढऱ्या भागातून, काळ्या भागापासून ठराविक अंतरावर, कानाच्या बाजूने आत घालायची. डाव्या डोळ्यावर काम उजव्या हाताने आणि उजव्या डोळ्यावर डाव्या हाताने करायचे. टोचणे बरोबर झाले तर बारीकसा आवाज होतो आणि पाण्याचा थेंब येतो. मग सळईच्या टोकाने आतला दोष खरवडायचा, रोग्याला दुसऱ्या बाजूची नाकपुडी दाबून जोराने शिंकरायला लावायचे, आणि त्याला वस्तू दिसू लागल्या की सळई हळूच काढून घ्यायची. नंतर तुपाचा बोळा, पट्टी आणि उताणे झोपणे. ढेकर, खोकला, शिंक, थुंकणे हे सारे वर्ज्य. दर तीन दिवसांनी पट्टी सोडून डोळा पाहायचा, असे दहा दिवस.

शिक्षकांना यापेक्षाही रस वाटेल तो याच ग्रंथाच्या सूत्रस्थानातल्या नवव्या अध्यायात. त्याचा विषयच सराव हा आहे. शिष्य सगळे शास्त्र शिकलेला असला तरी हाताने सराव केल्यावाचून तो कामाला लायक होत नाही, असे बजावून कोणत्या कृतीचा सराव कशावर करायचा ते सांगितले आहे. कापणे शिकायचे ते कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड, काकडी यांवर. चिरून आतले बाहेर काढायचे तर पाण्याने आणि चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर. खरवडणे केसाळ कातड्यावर. टोचणे मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर. शोधणे, म्हणजे सळई घालून पोकळीचा अंदाज घेणे, हे किडीने पोखरलेल्या लाकडावर आणि बांबूवर. ओढून काढणे फणसाच्या आणि बेलफळाच्या गरातून आणि मेलेल्या जनावराच्या दातांवर. टाके घालणे कापडाच्या आणि मऊ कातड्याच्या कडांवर. पट्ट्या बांधणे माणसाच्या आकाराच्या बाहुल्यावर.

ही यादी निव्वळ कुतूहलाची गोष्ट म्हणून वाचून सोडू नये. नवशिक्या हाताची पहिली चूक जिवंत माणसाच्या वाट्याला येता कामा नये, हा विचार तिच्यामागे आहे. असा विचार असलेली परंपरा पुढे तुटली आणि शस्त्रक्रियेचे काम ग्रंथ न वाचलेल्या फिरत्या लोकांकडे गेले. उत्तर हिंदुस्थानात त्यांना सथिया म्हणत, पंजाबात रावळ. बाप मुलाला शिकवी आणि सळई पिढीजात चालत येई. भोपळ्यावरचा अध्याय मात्र मागेच राहिला.

आपण काय ढकलतो आहोत?

सळईने होत होते ते एवढेच, की गढूळ भिंग त्याला टांगून ठेवणाऱ्या बारीक तंतूंपासून सुटून डोळ्याच्या मागच्या, जेलीसारख्या द्रवात पडे. बाहुलीसमोरचा अडथळा दूर झाला की उजेड थेट मागच्या दृष्टिपटलावर पोचे. डोळ्यात शिरणारा प्रकाश वळवण्याचे जवळजवळ दोन-तृतीयांश काम समोरचे पारपटल करते, राहिलेले भिंग करते. त्यामुळे भिंग गेलेल्या डोळ्याला धूसर का होईना, दिसते. काल ज्याला दिवस की रात्र एवढेच कळत होते त्याला आज समोरचा माणूस, वाट, विहिरीचा काठ दिसू लागे. हा चमत्कार वाटला तर नवल नाही.

युरोपातही हेच चाले. रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात सुईने मोतीबिंदू खाली ढकलण्याचे वर्णन केले आहे. पण तिथल्या वैद्यांचा सिद्धान्त असा होता की भिंग हेच पाहण्याचे इंद्रिय आहे, आणि मोतीबिंदू म्हणजे बाहुली आणि भिंग यांच्यामध्ये झिरपून गोठलेला एक पडदा. दृष्टी भिंगात असेल तर भिंग ढकलल्यावर माणूस आंधळा व्हायला हवा. त्याला तर दिसू लागते! तेव्हा ढकलले ते भिंग नव्हेच. तर्क बिनचूक आहे, फक्त गृहीतक चुकीचे आहे. विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखे याहून चांगले उदाहरण आम्हाला सुचत नाही.

गृहीतकाला पहिला मोठा धक्का वैद्याने नव्हे तर खगोलशास्त्रज्ञाने दिला. केप्लरने १६०४ मध्ये प्रकाशकिरणांचा हिशेब मांडून दाखवले की भिंग फक्त किरण वळवते, चित्र उमटते ते दृष्टिपटलावर. तरी वैद्यांनी आपले मत बदलायला आणखी शंभर वर्षे घेतली. १७०५ साली मिशेल ब्रिसो या फ्रेंच डॉक्टरला मोतीबिंदू असलेल्या एका मृत सैनिकाचा देह मिळाला. त्याने आधी त्या डोळ्यावर नेहमीची सुईची शस्त्रक्रिया केली आणि मग डोळा उघडून पाहिला. खाली पडलेली वस्तू पडदा नव्हती, ते भिंग होते. पॅरिसच्या अकादमीने सुरुवातीला हे मानले नाही. काही वर्षांत मानावे लागले.

ढकलायची वस्तू काय आहे हे कळल्यावर पुढचा प्रश्न आपोआप येतो. ती आत पडू का द्यायची? बाहेरच का काढू नये? झाक डाव्हिएल या फ्रेंच शल्यवैद्याला हे सुचले ते एका फसलेल्या शस्त्रक्रियेत. भिंग मागे जाण्याऐवजी फुटून बाहुलीच्या पुढे आले, तेव्हा त्याने पारपटलाला छेद देऊन तुकडे बाहेर काढले. पुढे १७४७ मध्ये त्याने ठरवून अशी शस्त्रक्रिया केली. १७५२ मध्ये त्याने पॅरिसच्या शल्यवैद्यांच्या अकादमीला आपला अनुभव कळवला. त्याच्या सांगण्याप्रमाणे २०६ डोळ्यांपैकी १८२ सुधारले. भूल नाही, टाके नाहीत, जंतूंची कल्पना नाही. रोगी जागा, बसलेला, आणि मदतनिसाने डोके छातीशी घट्ट धरलेले. त्या स्थितीत पारपटलाला अर्धगोल छेद द्यायचा!

गावोगावचे सळईवाले

याच काळात युरोपभर जॉन टेलर नावाचा इंग्रज डोळेतज्ज्ञ हिंडत होता. तो अडाणी नव्हता. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात विल्यम चेसेल्डन या नामांकित शल्यवैद्याच्या हाताखाली शिकलेला, पुस्तके लिहिलेला माणूस. पण त्याचा खरा गुण जाहिरात हा होता. त्याच्या घोडागाडीवर डोळ्यांची चित्रे रंगवलेली असत. गावात आला की आधी भाषण ठोकायचे, मग शस्त्रक्रिया, आणि पट्टी सुटायच्या आत पुढचे गाव. १७५० च्या वसंतात लाइपझिग येथे त्याने थोर संगीतकार बाखच्या डोळ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया केली. दृष्टी परत आली नाही आणि त्याच वर्षी २८ जुलैला बाख वारला. मृत्यूशी शस्त्रक्रियेचा किती संबंध होता यावर आजही वाद आहे. १७५८ मध्ये दुसरा संगीतकार हेंडेल यालाही टेलरच्या हातून गुण आला नाही.

टेलरला फसवा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. आम्हाला महत्त्वाची वाटते ती त्याची फिरती. शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळा पिकतो की नाही, महिन्याने दिसते की नाही, हे ज्याला कधीच पाहावे लागत नाही, त्याला स्वतःची चूक कळणार कशी? हजार डोळे केले तरी त्याचा अनुभव पहिल्या डोळ्याएवढाच राहणार. हात चालतो, पण शिकत नाही.

म्हणून डोळ्यांची रुग्णालये ही नुसती सोय नव्हती. तिथे रोगी राहतो. ज्याने काम केले त्यालाच निकाल पाहावा लागतो, शेजारी उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांनाही तो दिसतो. व्हिएन्नात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात डोळ्यांच्या आजारांचे शिक्षण वेगळे देऊ लागले. १८०५ मध्ये लंडनला पुढे मूरफील्ड्स म्हणून प्रसिद्ध झालेला दवाखाना निघाला. इजिप्तच्या मोहिमेवरून परतलेल्या सैनिकांनी आणलेली डोळ्यांची साथ हे त्याचे एक कारण होते. त्याच धर्तीवर १८१९ मध्ये मद्रासला डोळ्यांचे रुग्णालय सुरू झाले. ते आजही एग्मोर भागात चालू आहे. मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले आणि १८६० च्या दशकात कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून जे.जे.च्या आवारात डोळ्यांचे वेगळे रुग्णालय उभे राहिले.

एका मास्तरांची करामत

तोवर डोळ्याच्या डॉक्टरला एक गोष्ट अजिबात करता येत नव्हती: जिवंत माणसाच्या डोळ्यात आत पाहणे. बाहुली काळीच दिसते. दिवा जवळ नेला तरी काळीच. का?

हर्मान हेल्महोल्ट्झ १८५० मध्ये क्योनिग्सबर्ग येथे शरीरक्रियाशास्त्र शिकवत होता. वय २९. डोळ्यात शिरलेला प्रकाश पुन्हा बाहेर कसा येतो, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगण्याची तयारी करताना त्याला त्यातली मेख सापडली. दिव्याचा प्रकाश डोळ्याच्या भिंगातून आत जाऊन दृष्टिपटलावर एका बिंदूपाशी गोळा होतो. तिथून परतणारे किरण त्याच वाटेने मागे फिरून पुन्हा दिव्यापाशीच गोळा होतात. ते पाहायचे तर आपला डोळा दिव्याच्या जागी हवा. पण तिथे डोके घातले की दिवाच झाकला जातो!

त्याने उपाय केला तो असा. दिवा बाजूला ठेवला आणि समोर काच तिरपी धरली. काचेवरून थोडा प्रकाश परावर्तित होऊन रुग्णाच्या डोळ्यात जातो. परतणाऱ्या प्रकाशातला थोडा भाग काचेतून सरळ आरपार येतो आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यात शिरतो. पुठ्ठा, सरस, काचेच्या पातळ पट्ट्या आणि एक भिंग, एवढ्या सामानात त्याने नेत्रदर्शक बनवला. डिसेंबर १८५० मध्ये बर्लिनमध्ये त्याची माहिती दिली आणि १८५१ मध्ये पुस्तिका छापली. इंग्लंडमध्ये गणकयंत्रवाल्या चार्ल्स बॅबेजने १८४७ मध्येच असे एक उपकरण करून एका नेत्रतज्ज्ञाला दाखवले होते, पण त्याला त्याचे महत्त्व उमगले नाही. हेल्महोल्ट्झचे उमगले, कारण त्याने उपकरणाबरोबर त्यामागचे कारणही दिले होते.

पुढच्या वीस वर्षांत या शाखेचे रूपच पालटले. बर्लिनचा आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे नेत्रदर्शक घेऊन दृष्टिपटलाचे रोग ओळखू लागला. डोळ्याच्या आतला दाब वाढून होणाऱ्या काचबिंदूवर बुबुळाचा छोटा तुकडा कापून इलाज करता येतो हे त्याने १८५७ मध्ये दाखवले. नेदरलँड्समध्ये डाँडर्सने चष्म्याचे शास्त्र मांडले आणि त्याचा सहकारी स्नेलेन याने १८६२ मध्ये अक्षरांचा तक्ता काढला, तोच आज शाळेच्या भिंतीवर दिसतो. डोळ्याचा डॉक्टर आता नुसता सुरी चालवणारा राहिला नाही. त्याला प्रकाशशास्त्र येणे भाग पडले. मेडिकलला जायचे म्हणून भौतिकशास्त्राचा कंटाळा करणाऱ्या मुलांना हे जरूर सांगावे.

वेदनेचा प्रश्न १८८४ मध्ये सुटला. व्हिएन्नाचा तरुण डॉक्टर कार्ल कोलर याने कोकेनचा द्राव आधी बेडकाच्या, मग सशाच्या आणि कुत्र्याच्या, आणि शेवटी स्वतःच्या डोळ्यात घालून टाचणीने स्पर्श करून पाहिला. काहीच जाणवले नाही. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये हायडेलबर्गला नेत्रतज्ज्ञांची परिषद होती. कोलरकडे जाण्यापुरते पैसे नव्हते, त्याचा निबंध दुसऱ्याने वाचला. डोळा बधिर पण रोगी शुद्धीवर, ही सोय झाल्यामुळे घाई गेली, आणि नवशिक्याच्या शेजारी उभे राहून त्याला सावकाश शिकवणे शक्य झाले.

मद्रास आणि जालंधर

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात दोन्ही जगे एकाच वेळी नांदत होती. मद्रासच्या डोळ्यांच्या रुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट एलियट यांच्याकडे सळईवाल्यांच्या हातून गेलेले रोगी मोठ्या संख्येने येत. कोणाच्या डोळ्यात पू झालेला, कोणाचा दाब चढून कायमचा गेलेला. एलियट यांनी अशा डोळ्यांची नोंद ठेवली, काढाव्या लागलेल्या डोळ्यांचे छेद घेऊन तपासले आणि १९१८ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. सळईने दिसू लागलेला माणूस गावात राहतो आणि ज्याचा डोळा गेला तो रुग्णालयात येतो, म्हणून नुसते रुग्णालयातले आकडे फसवे असतात, हे इथे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही त्या छेदांत दिसणारी हानी खोटी नव्हती.

एलियट यांची सळईवाल्यांवरची टीका आम्हाला पटते, पण लोक त्यांच्याकडे जात याचे कारण केवळ अडाणीपणा नव्हते. सळईवाला दारात येई, थोडक्यात काम उरके आणि रोग्याला त्याच क्षणी काही दिसे. रुग्णालय कित्येक कोस दूर, परके, आणि आठवडाभर झोपवून ठेवणारे. पश्चिम आफ्रिकेच्या काही भागांत ही सळई एकविसाव्या शतकातही चालू राहिली. तिथेही कारणे हीच आहेत.

पंजाबात जालंधरला हेन्री स्मिथ हे लष्करी वैद्यकसेवेतले डॉक्टर मोतीबिंदूची हजारो भिंगे बाहेर काढत होते. गढूळ भिंग त्याच्या वेष्टनासकट बाहेरून दाब देऊन काढण्याची त्यांची पद्धत इतकी गाजली, की अमेरिकेतले डॉक्टर आगबोटीने येऊन जालंधरला शिकू लागले. एवढे रोगी आणि एवढा सराव त्यांना आपल्या देशात मिळणे शक्य नव्हते. हे वाचून अभिमान वाटावा की अस्वस्थ व्हावे हे आम्हाला ठरवता आलेले नाही. रोग्यांना दृष्टी मिळाली हे खरे. परदेशी हातांचा सराव इथल्या गरिबांच्या डोळ्यांवर झाला हेही खरे.

पुढे पंजाबात मोग्याचे डॉ. मथुरादास, कर्नाटकात डॉ. एम. सी. मोदी यांच्यासारख्यांनी नेत्रशिबिरे गावोगाव नेली. आपल्यापैकी जुन्या शिक्षकांना आठवत असेल, सुट्टीत शाळेच्या वर्गखोल्या रिकाम्या करून तिथे रोग्यांना ओळीने झोपवत. नंतर अशा तात्पुरत्या जागी शस्त्रक्रिया करणे सरकारी धोरणानेच थांबवले. आता शिबिरात तपासणी होते आणि शस्त्रक्रिया रुग्णालयात.

विद्यार्थ्याचा एक प्रश्न

भिंग काढले, पण त्याची जागा रिकामीच. म्हणून तर त्या आजी-आजोबांना बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागे. तो फुटला किंवा हरवला की पुन्हा अंधुक.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरॉल्ड रिडली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करत असताना पाहायला आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारले, की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे का नाही बसवत? अनुभवी माणूस असा प्रश्न विचारत नाही, कारण डोळ्यात बाहेरची वस्तू राहता कामा नये हे त्याला पाठ असते. पण रिडली यांनी महायुद्धात वैमानिकांचे डोळे पाहिले होते. विमानाच्या छताचे पर्स्पेक्स फुटून त्याचे कण डोळ्यात घुसत आणि तिथे वर्षानुवर्षे निमूट पडून राहत. डोळा त्यांना विरोध करत नसे. रिडली यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग करवून घेतले आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी एका स्त्रीच्या डोळ्यात बसवण्याची शस्त्रक्रिया केली. गोष्ट गुप्त ठेवली होती. १९५१ मध्ये जाहीर झाली तेव्हा मान्यवरांनी कडाडून विरोध केला.

पहिल्या रुग्णाला भिंग सोसले, पण तिला लांबचे फारच अंधुक दिसे. का, हे दहावीच्या मुलांना सोडवायला द्यावे. भिंग बाहुभिंगासारखे हवेत नसते, ते डोळ्यातल्या द्रवात बुडालेले असते. त्याची शक्ती भिंग आणि द्रव यांच्या अपवर्तनांकांतल्या फरकावर ठरते. द्रवाचा अंक सुमारे १.३४, नैसर्गिक भिंगाचा सुमारे १.४२, पर्स्पेक्सचा १.४९. पहिला फरक ०.०८, दुसरा ०.१५. म्हणजे आकार बराचसा नैसर्गिक भिंगासारखा ठेवला तर शक्ती जवळजवळ दुप्पट होणार! (बाहुभिंग पाण्याच्या बादलीत धरून त्याची शक्ती कशी घटते ते मुलांना पाहू द्या.) हा हिशेब पुढच्या भिंगांत सुधारला. रिडली यांना स्वतःला म्हातारपणी मोतीबिंदू झाला तेव्हा त्यांच्याही डोळ्यात असेच भिंग बसवले. न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये गढूळ भिंग ध्वन्यातीत कंपनांनी आतच बारीक करून ओढून घेण्याची पद्धत आणली. ती कल्पना त्यांना दंतवैद्याच्या खुर्चीत, दात साफ करणाऱ्या यंत्रावरून सुचली होती.

आपल्याकडे १९७६ मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर अकरा खाटांचे 'अरविंद' रुग्णालय काढले. या डॉक्टरांचा हात हा आमच्या विषयातला सर्वांत नवलाचा हात आहे. तरुणपणी संधिवाताने त्यांची बोटे कायमची वाकडी झाली. आधी त्यांना प्रसूतिशास्त्राचे डॉक्टर व्हायचे होते, ते सोडावे लागले. मग नेत्रवैद्यक निवडून त्या वाकड्या बोटांत सुरी कशी बसेल याचा त्यांनी चिकाटीने सराव केला आणि पुढे हजारो मोतीबिंदू काढले. त्यांच्या संस्थेने १९९२ मध्ये ऑरोलॅब हा कारखाना काढून कृत्रिम भिंगे देशातच, आयात भिंगांच्या मानाने कितीतरी कमी किमतीत बनवायला सुरुवात केली. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीने महाराष्ट्रासह सात राज्यांत जी मोहीम चालली, तिच्यात जुन्या पद्धतीने काम करणाऱ्या सर्जनांना भिंग बसवण्याचे शिक्षण पुन्हा नव्याने देण्यात आले. वीस-पंचवीस वर्षे सराव झालेल्या हाताला परत विद्यार्थी व्हावे लागले! जाड काचांचे चष्मे गल्लीतून दिसेनासे झाले ते यानंतर.

आज डोळ्याचा डॉक्टर व्हायचे तर साडेचार वर्षे एम.बी.बी.एस., एक वर्ष रुग्णालयात उमेदवारी, आणि मग तीन वर्षे नेत्रशास्त्रात एम.एस. किंवा तत्सम पदवी. त्या तीन वर्षांत तो बाह्यरुग्ण विभागात चष्म्याचे नंबर काढतो, नेत्रदर्शकाने शेकडो दृष्टिपटले पाहतो. शस्त्रक्रियेचा हात बसवायला आधी मिळतात ते खाटकाकडून आणलेले बकऱ्याचे डोळे. बकऱ्याचे भिंग स्वच्छ असते, म्हणून काही ठिकाणी ते उष्णतेने किंवा फॉर्मॅलिनने मुद्दाम गढूळ करून घेतात, आपल्या ताटातल्या माशासारखे. अलीकडे संगणकावर चालणारी सरावयंत्रेही आली आहेत. दोन्ही हात लागतात, आणि दोन्ही पायही: एका पायाखाली सूक्ष्मदर्शकाची कळ, दुसऱ्याखाली कंपनयंत्राची.

मग माणसाच्या डोळ्यावर सुरुवात होते, तीही तुकड्यातुकड्याने. आज फक्त छेद, पुढच्या आठवड्यात फक्त भिंग बसवणे, बाकीचे काम शिकवणारा करतो. शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाला बाजूला आणखी एक दुर्बीण जोडलेली असते. विद्यार्थ्याला जे दिसते तेच, तेवढेच मोठे, तिच्यातून शिकवणाऱ्याला दिसत राहते. विद्यार्थ्याचा हात जरा चुकीच्या दिशेला वळला की तो बोलत नाही, कारण रोगी जागा असतो आणि ऐकत असतो. तो नुसता आपला हात पुढे करतो आणि विद्यार्थी हत्यार त्याच्याकडे देतो.